चार दिव्यांचे डाग

१

"मेली!" असं म्हणून प्रयोगशाळेच्या भागीदाराने कपाळावर हात मारून घेतला.

मेली होती ती बॅटरी. चाचणीच्या खोलीत, मधल्या टेबलावरच्या काळ्या रबरी मॅटवर, ती राखाडी पेटी नेहमीसारखीच बसलेली होती. पण तिच्या दोन टोकांना जोडून एक जाड तांबडी वायर बांधलेली होती आणि मीटर शून्य दाखवत होता. काल संध्याकाळी ती चार्जरला लावून सगळे घरी गेले होते. सकाळी येऊन पाहतात तो सगळा ठणठणगोपाळ.

आणि मरायला तिला मुहूर्तही कसला मिळाला! दुपारी गाडीच्या कंपनीच्या परीक्षकबाई येणार होत्या. हायब्रिड गाडी पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालते. तिच्यातली बॅटरी लहान असते, पण तिला क्षणाचा विसावा नसतो: ब्रेक दाबला की भरायचं, वेग घेतला की रिकामं व्हायचं, दिवसभर हेच. हे काम आधी निकेलने केलं, मग लिथियमने. या छोट्याशा प्रयोगशाळेने ते सोडियमकडून, म्हणजे आपल्या मिठातल्या धातूकडून, करून घेतलं होतं. आज बॅटरी पास झाली तर ती गाडीत बसणार होती. नापास झाली तर काम लिथियमवाल्यांकडे जाणार आणि प्रयोगशाळेला कुलूप लागणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

ही बॅटरी जिने बनवली तिला सगळे निळी म्हणत. बॅटरीतलं एक टोक रंगाऱ्यांच्या निळ्या रंगापासून बनायचं आणि वर्षानुवर्षं त्यात हात घालून तिची बोटं कायमची निळी झाली होती. ती टेबलापाशी उभी होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. नुसती त्या तांबड्या वायरीवरून अंगठा फिरवत होती.

तेवढ्यात दारातून तिच्या आत्याबाई आत आल्या. भाचीचा मोठा दिवस म्हणून ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बसवून, मुद्दाम पाहायला आल्या होत्या. विमा कंपनीत जळालेल्या गाड्या तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. गाडी आपोआप पेटली की कुणी पेटवली, हे त्या राखेत बोट घालून सांगायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी नाक तेवढंच तिखट राहिलं होतं.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"ज्याने केलं तो याच खोलीत असेल," भागीदार म्हणाला आणि त्याने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

२

आत्याबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि भाचीला तेवढं आत ठेवलं.

"परीक्षकबाईंना फोन करून येऊ नका सांगू का?" निळीने विचारलं. "भागीदार मागे लागलाय."

"दुपारपर्यंत थांब म्हणावं त्याला. मढं कुठे पळून जात नाही."

"मढं नाहीये ते, आत्या."

आत्याबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला.

निळीने दार लावून घेतलं. "लिथियमची बॅटरी शून्यावर गेली की संपली. तिच्यात तांब्याचा पत्रा असतो, तो आतल्या आत विरघळतो. पुन्हा चार्ज करायला गेलं तर पेटायची. म्हणून सगळे म्हणतात, शून्य म्हणजे मरण. पण आपल्या बॅटरीत तांबं नाहीच. दोन्हीकडे ॲल्युमिनियम. ती शून्यावर मरत नाही, नुसती झोपते. मी शोधनिबंधात तसं लिहिलंय."

"मग उठव की! रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. पण मी हे सुट्या सुट्या छोट्या सेलवर करून पाहिलंय. अख्ख्या पेटीवर कधीच नाही. आणि दुसरं म्हणजे, ज्याने हे केलं त्याने का केलं ते मला माहीत नाही. मारायला केलं असेल, तर आत आणखी काय उचापत करून ठेवली असेल देव जाणे. करंट सोडला आणि खोली पेटली तर? कोणी केलं ते नंतर शोध, आत्या. का केलं ते आधी सांग."

चोर कोण ते नको, चोरी का झाली ते हवं, असं आजवर आत्याबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते मनात गाठ मारून ठेवलं आणि कामाला लागल्या.

आधी वायर पाहिली. तिचे वेढे एकसारखे होते, वर चिकटपट्टी होती, आणि तिचं टोक आत दुमडलेलं होतं, कुणाच्या बोटाला टोचू नये म्हणून. मग त्यांनी मॅट पाहिली. पेटीच्या बाजूला रबरावर चार गोल डाग होते, एका ओळीत, रबर जरासं वितळून चकाकलेलं.

"हे काय?"

"कुणीतरी गरम सोल्डरिंग गन ठेवली असेल," निळी म्हणाली. तिचं लक्ष तिकडे नव्हतं.

आत्याबाईंना टेबलामागे वाकून पाहायचं होतं, म्हणून निळीने चार्जरचा प्लग काढून वायर बाजूला केली. मग पुन्हा प्लग लावला तर चार्जरच्या पडद्यावर नुसत्या रेघा आल्या. निळी पुटपुटत एकेक आकडा भरू लागली. "हा एक विसरभोळा! वीज गेली की याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. दर वेळी पहिल्यापासून शिकवा."

आत्याबाई हसल्या. पण लगेच त्यांचं हसू थांबलं, कारण डागांवरून त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या भंगाराच्या खोक्याकडे गेलं होतं. त्यात अगदी वरच गाडीचे चार जुने हेडलाइटचे दिवे होते, आणि चारही दिव्यांच्या टोकांना ताजी तांबडी वायर चिकटलेली होती.

३

पहिला नंबर भागीदाराचा. तो ऑफिसात लिथियमवाल्यांशी फोनवर बोलत होता. आत्याबाईंना पाहून त्याने घाईने फोन ठेवला, आणि त्यात तो आणखीच अडकला.

"मेलेल्या माणसाच्या घरचे डाळतांदूळ तपासावेत तसं काय करताय तुम्ही?" तो चिडून म्हणाला. "माणसं रस्त्यावर येतील म्हणून मी दुसरी वाट शोधतोय. गुन्हा आहे का?"

"मुळीच नाही. तेवढी खिडकीवरची ती टॉर्च द्या हो. सेल बदलायचेत."

भागीदाराने टॉर्च उचलली, झाकण उघडलं आणि आधी खिशातून रबरी हातमोजे काढले. लहानपणी त्याला विजेचा झटका बसला होता. तेव्हापासून तो साध्या सेललाही उघड्या हाताने शिवत नसे. प्रयोगशाळेत सगळे त्यावरून त्याची थट्टा करत. या गड्याने चार्ज झालेल्या पेटीला वायर बांधली असेल? सूर्य पश्चिमेला उगवला असता. आत्याबाईंनी त्याला मनातल्या मनात सोडून दिलं.

दुसरा नंबर इंजिनिअरचा. तो लिथियमच्या कारखान्यातून इथे नवा आला होता. हाताचा इतका चपळ की सगळे त्याला झटपट म्हणायचे. काल शेवटी तोच गेला होता आणि आज पहिला तोच आला होता.

"संध्याकाळी वीज गेली आणि लगेच आली," त्याने सांगितलं. "मी चार्जरचे आकडे पुन्हा भरले आणि निघालो. सकाळी आलो तर चार्जरचा प्लग भिंतीतून काढून ठेवलेला, आणि पेटीला ती वायर."

"मग?"

"मग प्लग लावून पाहिला, चार्जर जळालाबिळाला तर नाही ना म्हणून. नव्हता जळाला. पडद्यावर आकडे बरोबर होते. मी कशालाही हात लावला नाही."

"हुशार आहेस," आत्याबाई म्हणाल्या.

झटपटच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कौतुकाने लाल होणारे कान आत्याबाईंना ओळखता येत, आणि दुसऱ्या कारणाने लाल होणारेही.

बाहेर पडताना त्यांनी सहज विचारलं, "संध्याकाळी तू गेल्यावर इकडे कोण असतं?"

"कोणीच नाही. समोरचे सर तेवढे असतात. पण ते तर आपलं तोंडही पाहत नाहीत."

४

सर म्हणजे साऱ्या गावचे बॅटरीगुरू. निकेलच्या बॅटरीत त्यांचं आयुष्य गेलं. निळीला हातात पाना धरायला त्यांनीच शिकवलं होतं म्हणा ना. काहीच येत नव्हतं तिथून त्यांनी तिला घडवलं. पुढे तिने निकेल सोडून सोडियम धरलं, तेव्हा भर सभेत ते म्हणाले होते, "मीठ डब्यात ठेवतात. गाडीत नाही." निळी तिथून उठून गेली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच व्हरांड्यात समोरासमोर दोन दारं, आणि दोन्ही दारांआड मानी माणसं. कोण आधी वाकणार?

आत्याबाई गेल्या तेव्हा सर आपल्या जुन्या निकेलच्या सेलवरची धूळ पुसत होते. टेबलावर कप, काचेचं भांडं, वायरी, सगळं जिथल्या तिथे. वायरीच्या प्रत्येक तुकड्याचं टोक आत दुमडलेलं होतं.

"तुमच्या भाचीची बॅटरी गेली म्हणे," सर वर न पाहता म्हणाले.

"हो ना. आता परीक्षकबाईंना काय तोंड दाखवणार? भंगारात घालायची म्हणतात."

फडकं थांबलं. "भंगारात? कोण म्हणतं?"

"सगळेच. शून्यावर गेली म्हणजे मेली."

"गाढव आहेत सगळे!" सरांचा आवाज चढला. "सोडियमला शून्याने काय होतंय? तिच्यात तांबं आहे का विरघळायला? त्यातून दिव्यांवर हळूहळू निजवलेली बॅटरी. धक्का नाही, ठिणगी नाही. थोडा थोडा करंट द्या, उठून बसेल. एवढं शिकलेली पोरगी, तिला हे कळत नाही?"

आत्याबाईंनी शांतपणे खुर्ची ओढली आणि बसल्या.

"सर, दिव्यांचं मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही."

५

व्हरांड्यात कुणाची तरी पावलं वाजली आणि दूर गेली. सरांनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"संध्याकाळी घरी जाताना मी चाचणीच्या खोलीच्या दाराच्या काचेतून पाहतो," शेवटी ते म्हणाले. "रोज. मीटर किती दाखवतो ते. तेवढंच. काल पाहिलं तर आकडा वर वर चाललेला. तिच्या सोडियमची जी हद्द, ती ओलांडून पुढे. त्या दाराची किल्ली माझ्याकडे आहे, पूर्वीपासूनची. आत जाऊन हात लावला तर पेटी कढत. आणखी थोडा वेळ गेला असता तर फुगून फुटली असती. मी प्लग काढला. पण नुसता प्लग काढून भागत नाही, आतली जादा वीज काढायला हवी. चार दिवे जोडले, रिकामी केली, वायर बांधली आणि गेलो. आमच्या निकेलला आम्ही असंच निजवायचो."

"आणि निळीला फोन?"

"काय सांगू? की तुझं मीठ पाहायला मी रोज येतो म्हणून?"

आत्याबाईंना हसूही आलं आणि गहिवरूनही आलं. या म्हाताऱ्याने अख्खी बॅटरी वाचवली होती, आणि एका फोनपुरता त्याचा कणा वाकत नव्हता.

"तिची हद्द कुठे आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

सरांनी फडकं बाजूला ठेवलं. त्यांच्या खुर्चीच्या पाठीमागच्या फळीवर निळीचे छापून आलेले सगळे निबंध नीट रचून ठेवलेले होते, आणि हाताळून हाताळून त्यांचे कोपरे मऊ पडले होते.

"आकडा चुकीचा कुणी भरला, ते मी विचारणार नाही," सर म्हणाले. "आणि तुम्हीही विचारू नका. चूक कुणाच्याही हातून होते."

"चुकीबद्दल मी विचारतच नाहीये," आत्याबाई उठत म्हणाल्या. "मला खोट्याबद्दल विचारायचंय. तुम्ही चला माझ्याबरोबर."

६

चाचणीच्या खोलीत सगळे जमले. सर दारातच उभे राहिले. निळीने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"का केलं ते सांगते," आत्याबाई म्हणाल्या. "मारायचं असतं तर पेटीवर आडवा पाना टाकला असता की काम झालं. इथे वेढे एकसारखे आहेत, वर पट्टी आहे, टोक दुमडलेलं आहे. मारेकरी कुणाच्या बोटाची काळजी करत नाही. त्यात ते चार डाग. गाडीचे चार दिवे एका ओळीत लावून कुणीतरी ही पेटी सावकाश रिकामी केली आणि ते तापून मॅटवर उमटले. एवढे कष्ट माणूस वाचवण्यासाठीच घेतो. सरांनी वाचवली हिला. चार्जरवर हद्दीपलीकडचा आकडा होता."

"शक्य नाही!" भागीदार म्हणाला. "सकाळी आकडा बरोबर होता. झटपटने पाहिलाय."

"तिथेच तर मेख आहे. हा चार्जर प्लग काढला की सगळं विसरतो. सरांनी प्लग काढला होता. म्हणजे सकाळी प्लग लावल्यावर पडद्यावर नुसत्या रेघा यायला हव्या होत्या. आकडे दिसले, तर ते कुणीतरी सकाळी भरले. आणि सकाळी पहिला आला तो म्हणतो, मी कशालाही हात लावला नाही."

झटपट टेबलाचा काठ धरून उभा होता.

"काल घाई होती," तो हळूच म्हणाला. "वीज आली, मी आकडे भरले आणि गेलो. मला खात्री वाटत होती, बरोबर भरलेत. सकाळी रेघा दिसल्या, म्हणून पुन्हा भरायला लागलो, आणि पाहतो तर माझी बोटं लिथियमचा आकडा भरत होती. आपोआप. आधीच्या कारखान्यात रोज तोच भरायचो. तेव्हा कळलं काल काय झालं असणार. बरोबर आकडा भरला आणि गप्प बसलो. दुसऱ्यावर आळ येत होता, तरी गप्प बसलो." त्याने सरांकडे पाहून हात जोडले.

निळीने त्याच्याकडे पाहिलं. "चूक हाताची होती," ती म्हणाली. "लपवलंस ते तुझं. हाताला सवय लागेल. दुसऱ्या गोष्टीचं तू पाहा."

मग ती दाराकडे वळली. "वायरीचं टोक पाहिलं तेव्हाच मला कळलं होतं, सर, की हात तुमचा आहे. तुम्ही मारायला केलं की वाचवायला, तेवढंच कळत नव्हतं. तेच कळेना म्हणून माझं डोकं फिरायची वेळ आली होती."

"मारायला?" सर दुखावून म्हणाले. "मी?"

"मीठ डब्यात ठेवतात, असं कोण म्हणालं होतं?"

सर टेबलापाशी आले, बाह्या दुमडल्या आणि वायरीचा पहिला वेढा सोडवला.

७

परीक्षकबाई आल्या तेव्हा बॅटरी अर्धी भरली होती. थोडा करंट, मग आणखी थोडा. सर आकडा वाचत होते आणि निळी हात पेटीवर ठेवून बसली होती, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. पेटी गार होती. एकही सेल फुगला नव्हता. भागीदाराने तर हातमोजे न घालता पेटीला बोट लावून पाहिलं, आणि ते कुणी पाहिलं नाही म्हणून सगळ्यांना ओरडून सांगितलं.

निळीने परीक्षकबाईंपासून काही लपवलं नाही. चुकीचा आकडा, दिवे, शून्य, सगळं सांगितलं.

"शून्यावर गेलेली बॅटरी आमच्या नियमात बसत नाही," परीक्षकबाई म्हणाल्या. चेहरा दगडाचा.

"तो नियम लिथियमसाठी लिहिलाय," निळीने मान ताठ करून उत्तर दिलं. "हिला चाचणीला लावा. नापास झाली तर मी स्वतः भंगारात नेईन. आणि पास झाली, तर लिथियमवाल्यांना सांगा, तुमचीही एकदा शून्यावर नेऊन परत आणून दाखवा."

आत्याबाईंची छाती अभिमानाने भरून आली. ही मान त्यांच्या घराण्याची होती, आणि ते त्यांनी शेजारच्या भागीदाराला लगेच सांगितलंही.

चाचणीचं यंत्र सुरू झालं. ब्रेक, वेग, ब्रेक, वेग. चढ, उतार, मग शीतकोठीतली थंडी. बॅटरी वीज गिळत होती आणि देत होती, गिळत होती आणि देत होती. कुणी बसलं नाही. झटपटने चार्जरचा आकडा तीनदा तपासला आणि चौथ्यांदा निळीला तपासायला लावला. शेवटी यंत्र थांबलं. परीक्षकबाईंनी पडद्यावरचे आकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि त्यांच्या दगडाच्या चेहऱ्यावर कुतूहल उमटलं.

"पास," त्या म्हणाल्या. "चांगलीच पास. पण मला एक सांगा. अख्खी पेटी शून्यावर नेऊन परत उठते, हे याआधी कुणी करून पाहिलं होतं का?"

"नाही," निळी म्हणाली.

"मग एवढा धोका घेतला कुणी?"

"मी," सर म्हणाले.

"तुम्ही निकेलवाले ना? तुम्हाला एवढी खात्री होती?"

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. साऱ्या खोलीचं लक्ष आपल्याकडे आहे हे त्यांना कळत होतं. आणि या वेळी त्यांना ते हवंही होतं, कारण तो शब्द त्यांनी भर सभेत काढला होता, तर हाही चारचौघांतच काढायला हवा होता.

"खात्री मला नव्हती," ते म्हणाले. "पण हिने तसं लिहिलं होतं. आणि ही माझी विद्यार्थिनी आहे. करून पाहिल्याशिवाय ही लिहीत नाही."

निळीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हात खाली घेतले तेव्हा गालांवर निळे डाग उमटले होते, आणि ते पुसायचं तिच्या लक्षातही आलं नाही.